मुलाचा खून झालेल्या बापाच्या डोक्यातला सूड आणि घरच्यांनी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंच्या मोठ्या भावाचा १९ वर्षांचा मुलगा १४ महिन्यांपूर्वी एका भांडणात भोसकून मारला गेला. आरोपी त्याच्याच वयाचा आहे आणि दोन महिन्यांपूर्वी त्याला जामीन मिळाला. तेव्हापासून दादा रात्र रात्र जागा असतो, गाडी घेऊन त्या मुलाच्या घरावरून चकरा मारतो, आणि परवा एकदम शांतपणे म्हणाला, "मी त्याला सोडणार नाही, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे." घरात वहिनी आहेत आणि १३ वर्षांची मुलगी आहे. ताई विचारतायत की त्याला समजवायचं कसं, पोलिसांना सांगायचं का, आणि सांगितलं तर भावाचा विश्वासघात होईल का.

ताई, मी गेली २२ वर्षं खून झालेल्यांच्या घरच्यांसोबत समुपदेशनाचं काम करते. तुम्ही जे वाक्य लिहिलंय ते मी जवळपास त्याच शब्दांत कितीतरी आईवडिलांच्या तोंडून ऐकलंय. आधी एवढं सांगते की सूडाचे विचार येणं म्हणजे तुमचा दादा वेडा झालाय किंवा गुन्हेगार झालाय असं अजिबात नाही. ज्यांचं मूल कुणीतरी मारलंय अशा कितीतरी आईबापांना हे विचार येतात, ते सांगायचं धाडस सगळ्यांना होत नाही एवढंच. मेंदूसुद्धा तसाच वागतो. २००४ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी पैशाच्या एका खेळात फसवल्या गेलेल्या लोकांचे मेंदू स्कॅन केले, तर फसवणाऱ्याला शिक्षा करायचं ठरवताना मेंदूतला समाधान आणि बक्षिसाशी जोडलेला भाग जागा झालेला दिसला. तिथे फक्त पैसे गेले होते, इथे पोटचं पोर गेलंय. त्यामुळे "असा विचार मनात आणू नकोस" असं सांगून काही होत नाही, तो विचार फक्त तुमच्यापासून लपवला जातो, आणि लपवलेला सूड हा बोललेल्या सूडापेक्षा कितीतरी धोक्याचा.

आता मला या कामात जे सगळ्यात उशिरा कळलं ते सांगते, कारण सुरुवातीची काही वर्षं मीही लोकांना शांत करण्यातच घालवली. सूड मागणाऱ्या बापाला त्या माणसाचा जीव हवा असतो असं आपल्याला वाटतं, त्यालाही तसंच वाटत असतं, पण त्याच्याजवळ बसून नीट ऐकलं की त्याच्या खाली दुसरंच काहीतरी सापडतं. बहुतेक वेळा ते असं असतं की आरोपीने काय केलंय हे त्या आरोपीला कळलं पाहिजे. माझा मुलगा कोण होता हे त्याला माहीतच नाही, तो त्याच्यासाठी भांडणातला कुणीतरी एक होता, आणि आता तो मोकळा फिरतोय आणि हसतोय. ते हसणं सहन होत नाही.

मारियाने बाखमायर या जर्मन बाईचं प्रकरण मी यासाठी नेहमी आठवते. १९८० मध्ये तिच्या सात वर्षांच्या मुलीचा, ॲनाचा खून झाला. मार्च १९८१ मध्ये ल्यूबेकच्या कोर्टात खटल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने पिस्तूल काढून आरोपीवर गोळ्या झाडल्या आणि तो जागीच मेला. तिला सहा वर्षांची शिक्षा झाली, साधारण तीन वर्षांनी ती सुटली. लोक हे प्रकरण सांगताना गोळ्यांपाशी थांबतात, पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे तिने स्वतः १९९५ मध्ये टीव्हीवर सांगितलं ते. तिने विचार करून गोळ्या झाडल्या होत्या, आणि त्याने तिच्या मुलीबद्दल आणखी खोटं पसरवू नये हे त्यातलं एक कारण होतं. कारण त्या माणसाने असा दावा केला होता की त्या सात वर्षांच्या पोरीनेच त्याच्याकडे पैसे मागून धमकी दिली. म्हणजे बघा, आई कोर्टात बसून आपल्या मेलेल्या मुलीची बदनामी ऐकत होती आणि तिच्या बाजूने उठून बोलणारं कुणी नाही असं तिला वाटत होतं. वर्षभरातच, १९९६ मध्ये ती कॅन्सरने गेली, वय फक्त ४६, आणि तिला मुलीच्या शेजारीच पुरलं.

म्हणून तुम्ही दादाला पहिल्यांदा विचारायचं ते "तू असं का करतोयस" हे नाही. "त्या पोराला नेमकं काय कळलं पाहिजे असं तुला वाटतं?" हे विचारा. एकटा असताना विचारा, वहिनी आणि मुलगी समोर नकोत, गाडीत शेजारी बसलेले असाल तर उत्तम कारण समोरासमोर डोळ्यात बघून पुरुष माणसं पटकन बोलत नाहीत असा माझा अनुभव आहे. विचारलं की गप्प बसा. तो शिव्या देईल, रडेल, अर्धा तास काहीच बोलणार नाही. मधे पडू नका, धीर देऊ नका, देवाच्या मनात होतं वगैरे तर अजिबात नको.

माझ्याकडे एक वडील यायचे, ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. त्यांच्याकडे एक वही होती, त्यात आरोपी किती वाजता घरातून निघतो, कुठल्या रस्त्याने जातो, कुणासोबत असतो हे सगळं सात-आठ महिने रोजच्या रोज लिहिलेलं. चौथ्या-पाचव्या भेटीत त्यांनी ती वही माझ्यासमोर ठेवली. मी उघडली तर पहिली वीसेक पानं त्यांच्या मुलाची, फिजिक्सची जर्नलवही ती, पेन्सिलने काढलेल्या आकृत्या, भिंगातून जाणारे किरण, खाली सरांची लाल सही, आणि मग एक कोरं पान सोडून निळ्या बॉलपेनने बापाचं अक्षर सुरू. घरात दुसरी कोरी वही नव्हती का, तर होती. मी त्यांना म्हटलं की मागचं मला वाचून दाखवू नका, पुढचं दाखवा, याचं अक्षर असं तिरकं का आहे ते सांगा. ते दीड तास बोलले. मुलगा डावखुरा होता, शाळेत कुणीतरी जबरदस्तीने उजव्या हाताने लिहायला लावलं होतं, त्यावरून बापाचं आणि त्या मास्तरांचं भांडण झालं होतं. नऊ महिन्यांत त्या माणसाला कुणी त्याच्या मुलाबद्दल विचारलंच नव्हतं, सगळे फक्त केसबद्दल विचारत होते.

तुमच्या घरातही हेच होत असेल. नातेवाईक येतात ते तारखेचं विचारतात, वकील काय म्हणतो विचारतात, पोराचं नाव कुणी घेत नाही कारण दादाला त्रास होईल असं वाटतं. मग दादाकडे आपल्या मुलाशी जोडलेलं राहायला एकच दोरी उरते, ती म्हणजे तो आरोपी. सूड सोडला तर पोरगा दुसऱ्यांदा जाईल अशी भीती असते. म्हणून "सोडून दे" हा शब्दच वापरू नका.

आणि माफीचं तर नावच काढू नका, निदान तुमच्या तोंडून. २०१४ मधली इराणची सामेरे अलीनेजाद यांची गोष्ट लोक फार फॉरवर्ड करतात, २००७ मध्ये त्यांचा मुलगा रस्त्यावरच्या भांडणात भोसकला गेला, सात वर्षांनी आरोपीच्या गळ्यात फास असताना त्यांनी त्याच्या एक थोबाडीत मारली आणि नवऱ्यासोबत फास काढला. फोटो जगभर गेला. पण त्यातून लोक "बघा आईने माफ केलं, तुम्हीही करा" एवढंच उचलतात. मी त्यात दुसरं बघते. त्या बाईच्या हातात निर्णय होता, तिथल्या कायद्याने तो तिला दिला होता, तो पोरगा तिच्यासमोर उभा होता, आणि तिने त्याला स्वतःच्या हाताने मारलं. सात वर्षांचं सगळं त्या थपडेत होतं. तुमच्या दादाच्या हातात काय आहे? तो कोर्टात मागच्या बाकावर बसतो, पुढची तारीख पडते, घरी येतो. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला मन मोठं कर म्हणणं क्रूरपणाचं आहे.

मग बदला घेतल्याने शांत वाटतं का, हे दादा तुम्हाला विचारेल, मलाही विचारतात. खरं उत्तर द्या. अमेरिकेत कार्लस्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रयोग मांडले, त्यात ज्यांना फसवणाऱ्याला शिक्षा करायची संधी मिळाली त्यांना वाटत होतं की याने बरं वाटेल, पण संधी न मिळालेल्यांपेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटलं आणि त्या माणसाचे विचारही त्यांच्याच डोक्यात जास्त घोळत राहिले. जर्मनीच्या गोलविट्झर यांच्या अभ्यासात असं दिसलं की समोरच्याला नुसता त्रास झालेला बघून समाधान मिळत नाही, आपल्याला ही शिक्षा का झाली हे त्याला उमगलंय असं दिसलं तरच मिळतं. हे प्रयोगशाळेतले छोटे अन्याय आहेत, खुनाला जसेच्या तसे लावता येत नाहीत हे मी मान्य करते, पण माझ्यासमोर बसलेल्या लोकांशी ते जुळतं. आणि मेलेल्या माणसाला काही उमगत नाही. एका आईने मला हे स्वतःच सांगितलं होतं, तिचा आरोपी खटल्याआधीच अपघातात गेला तेव्हा. ती म्हणाली, "ताई, आता मी कुणाला विचारू?" तिची त्यानंतरची दोन वर्षं आधीपेक्षा वाईट गेली.

आता धोक्याचं बोलते, इथे नीट लक्ष द्या. विचार येणं वेगळं आणि बेत आखणं वेगळं. "तो मेला पाहिजे" हे दुःख आहे. "तो गुरुवारी एकटा असतो" हा बेत आहे. तुमचा दादा चकरा मारतोय म्हणजे तो दोन्हीच्या मधल्या जागेत कुठेतरी आहे आणि बेताकडे सरकतोय असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. ते परवाचं शांत बोलणं मला त्याच्या रागापेक्षा जास्त घाबरवतं, कारण महिनोन्महिने तळमळणारा माणूस एकदम शांत झाला की बऱ्याचदा त्याचं आत काहीतरी ठरलेलं असतं. बघा की त्याने विम्याचे, बँकेचे कागद वहिनींना समजावून सांगितलेत का, कुणाची उधारी अचानक फेडली का, मुलाच्या वस्तू कुणाला देऊन टाकल्या का, दारू वाढलीय का, घरात हत्यार आलंय का. घरात बंदूक असेल, परवान्याची असली तरी, ती आजच दुसरीकडे हलवा, आणि यात त्याची परवानगी मिळायची वाट बघू नका. रागाची लाट येते आणि ओसरतेही, पण ती आली तेव्हा हाताशी काय होतं यावर पुढचं सगळं ठरतं.

"माझं काय व्हायचं ते होऊ दे" याचा अर्थही सरळ विचारा. अशा बेतात बऱ्याचदा पुढची पायरी स्वतःचा जीव ही असते. "दादा, त्याला मारून तू स्वतःचं काही बरंवाईट करायचं ठरवलंयस का?" असं नाव घेऊन विचारा, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नव्याने काही शिरत नाही, उलट कुणीतरी ओळखलं याने माणूस जरा मोकळा होतो. हो म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, ओळखीचे कुणी नसतील तर हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.

पोलिसांना सांगायचं का? दिवस, जागा, हत्यार यातलं काहीही ठरल्याचं कळलं तर हो, सांगायचं, आणि थांबायचं नाही. आमच्या पेशातसुद्धा गुप्ततेला इथे मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात एका पेशंटने एका तरुणीला मारायचा बेत आपल्या थेरपिस्टला सांगितला होता आणि पुढे खरंच मारलं, त्या टॅरासॉफ खटल्यात १९७६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की जिच्या जिवाला धोका आहे तिला वाचवण्याची जबाबदारी थेरपिस्टवर येते. त्यानंतर कितीतरी ठिकाणी आमचे नियम त्या धर्तीवर बदलले. मी माझ्या पेशंटला हे पहिल्याच दिवशी सांगते. तुम्हीही दादाला आधीच सांगा, "तू काही करायला निघालास तर मी तुला अडवेन, पोलिसांत जावं लागलं तरी जाईन, कारण मला तुझ्या पोरानंतर तूही गमवायचा नाहीये." तोंडावर सांगून मग केलेली गोष्ट विश्वासघात होत नाही. तो चिडेल, महिना-दोन महिने बोलणार नाही. चालेल. जेलबाहेरचा अबोला परवडतो.

तिकडे पोचायच्या आधी करण्यासारखं बरंच आहे आणि त्यात पहिली झोप. दोन महिने रात्र रात्र जागलेल्या माणसाशी कुठलंही शहाणपणाचं बोलणं वाया जातं. डॉक्टरांना दाखवून थोड्या दिवसांसाठी औषध घेण्यात काही कमीपणा नाही. आणि शोक वर्षभराहून जास्त काळ तसाच्या तसा धगधगत राहिला, माणसाचं रोजचं जगणं बंद पडलं, तर त्याला आता वैद्यकात वेगळं नाव आहे, दीर्घकालीन शोकविकार, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतर आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या पुस्तकात मोठ्या माणसांसाठी वर्षभरानंतर हे निदान करता येतं. याच्यावर खास उपचार आहेत. त्या प्रसंगाची दृश्यं सारखी डोळ्यासमोर येत असतील तर त्यासाठीचे वेगळे आहेत, आणि बऱ्याचदा आधी तेच करावे लागतात, कारण ज्याला डोळे मिटले की पोराचा रक्ताने भरलेला शर्ट दिसतो तो पोराच्या चांगल्या आठवणींपर्यंत पोचूच शकत नाही.

दुसरं म्हणजे हातांना काम. बाप म्हणून पोराचं रक्षण करायचं होतं ते झालं नाही, ही टोचणी सूडाला खतपाणी घालते. वकिलांना भेटून विचारा की खटल्यात घरच्यांना काय करता येतं, जामिनाच्या अटी काय आहेत, आरोपीने त्या मोडल्या तर तक्रार कुठे करायची, आपलं म्हणणं लेखी मांडता येतं का. बऱ्याच देशांत शिक्षा ठरवायच्या आधी घरच्यांना कोर्टासमोर आपलं काय गेलं ते सांगता येतं. ते लिहायला दादाला आजपासून बसवा, कोर्टाने ऐको न ऐको. त्यात आरोपीबद्दल कमी आणि मुलाबद्दल जास्त लिहायला सांगा. माझ्या त्या वहीवाल्या काकांनी ४० पानं लिहिली होती, वकिलाने दोन करून घेतली, ती त्यांनी कोर्टात उभं राहून वाचली आणि आरोपी मान खाली घालून ऐकत होता. त्यांना न्याय मिळाला असं ते आजही म्हणत नाहीत. पण त्या दिवशी घरी जाऊन ते सलग नऊ तास झोपले हे त्यांच्या बायकोने मला फोन करून सांगितलं.

आपल्यासारखंच भोगलेल्या दुसऱ्या आईबापांना भेटवता आलं तर बघा. अमेरिकेत १९७८ मध्ये सिनसिनाटीच्या हलिंजर नवराबायकोने मुलीच्या खुनानंतर फक्त अशा पालकांचा गट सुरू केला तो आजही चालतो. दादा माझं ऐकणार नाही कदाचित, तुमचं ऐकणार नाही, पण ज्याने स्वतः असाच बेत आखून मग सोडला अशा बापाचं ऐकेल. याला वेळ मात्र लागतो. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या अझीम खमीसांचा २० वर्षांचा मुलगा तारिक १९९५ मध्ये पिझ्झा पोचवायला गेला असताना १४ वर्षांच्या मुलाने गोळी घालून मारला. त्यांनी त्याच वर्षी मुलाच्या नावाने संस्था काढली, मारणाऱ्याच्या आजोबांना बरोबर घेऊन शाळाशाळांमधून हिंसेविरुद्ध बोलायला लागले. पण ते त्या मुलाला स्वतः भेटले ते पाच वर्षांनी. हे पाच वर्षं लक्षात ठेवा. आरोपीला भेटायची, त्याला विचारायची इच्छा असेल तर त्यालाही रीतसर मार्ग असतो, टेक्सासमध्ये १९९३ पासून गंभीर गुन्ह्यांसाठी असा संवाद घडवतात, पण तयारीला कित्येक महिने जातात आणि दोन्ही बाजूंची मर्जी लागते. दादाने स्वतःहून त्या पोराच्या दारात जाणं म्हणजे तो मार्ग नाही, खटला चालू असताना तर मुळीच नाही.

शेवटी तुमच्या भाचीबद्दल, कारण तुम्ही तिचा उल्लेख फक्त एका शब्दात केलाय आणि मला तिचीच जास्त काळजी वाटतेय. एका घरात अशीच धाकटी मुलगी होती, ११-१२ वर्षांची. आई सांगायची की ही अगदी शांत आहे, हिला काही कळत नाही. मी तिच्याशी एकटीने बोलले तेव्हा कळलं की ती रोज रात्री बाबांचे बूट उचलून आपल्या खोलीत पलंगाखाली ठेवायची आणि सकाळी सगळे उठायच्या आत परत दारात आणून ठेवायची. बूट नसतील तर बाबा रात्री बाहेर जाणार नाहीत असं तिला वाटायचं. पाच महिने ती हे करत होती. हे मी वडिलांना मुलीच्या परवानगीने सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीला आले तेव्हा म्हणाले की रात्री ते मुद्दाम जागे राहून बघत होते, ती अंधारात भिंत धरून आली, दोन्ही बूट छातीशी धरून गेली. त्या माणसाने तेव्हापासून आरोपीच्या रस्त्याला जाणं बंद केलं. राग अजून आहे, तारखेला जातात, पण चकरा बंद.

तुमच्या भाचीशी आज बोला, दादाच्या आधी. तिला काय काय माहितीये ते विचारा, नाटक न करता खरं सांगा, आणि बाबांना सांभाळणं हे तिचं काम नाही, ते मोठी माणसं बघतायत, हे स्पष्ट शब्दांत सांगा. मग संध्याकाळी दादा गाडीची किल्ली उचलेल तेव्हा अडवू नका, "मी पण येते" म्हणा आणि शेजारी जाऊन बसा.